भटकी कुत्री, माकडं आणि मोकाट गुरं: जबाबदारी नक्की कुणाची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या नागरिक गटाकडे हेच प्रश्न फिरून फिरून येतात, त्यामुळे एकदाचं एका जागी लिहून ठेवतोय. उत्तरं महाराष्ट्राला धरून आहेत, दुसऱ्या राज्याचा दाखला जिथे कामाचा आहे तिथेच दिलाय. एकच प्रश्न दोनदा येऊ नये म्हणून मध्ये मध्ये "अमुक प्रश्न बघा" असं लिहिलंय, तिथे जाऊन नक्की बघा.

1. भटक्या कुत्र्यांची जबाबदारी कुणाची, महापालिकेची की प्राणीमित्रांची?

महापालिकेची. नगरपालिका असेल तर नगरपालिकेची, गावात ग्रामपंचायतीची. याला आधार आहे केंद्राच्या अॅनिमल बर्थ कंट्रोल (एबीसी) नियम, 2023 चा, जे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली निघालेत आणि त्यांनी 2001 चे जुने नियम बदलले. कुत्री पकडायची, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, हे सगळं स्थानिक संस्थेने करायचंय. स्वतः करेल किंवा एनजीओला कंत्राट देईल, पण त्या एनजीओला भारतीय पशू कल्याण मंडळाची मान्यता लागते आणि कंत्राट दिलं म्हणून जबाबदारी एनजीओवर जात नाही, हे खूप अधिकाऱ्यांनाही सांगावं लागतं. प्राणीमित्र मदत करतात ती त्यांची हौस आणि माया, ड्यूटी नाही.

2. माकडांसाठी महापालिकेला फोन केला तर "वन विभागाला सांगा" म्हणतात. टाळतात का?

नाही, इथे खरंच बरोबर सांगतात. माकड आणि वानर हे वन्यप्राणी आहेत, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात, आणि ते तुमच्या गच्चीवर बसले म्हणून भटके होत नाहीत. त्यामुळे पकडायचा अधिकार वन विभागाचा. महाराष्ट्रात वन विभागाची 1926 ही टोल फ्री हेल्पलाईन आहे, तिथे आधी सांगा. मुंबईत महापालिकेचा 1916 आहे पण तो कुत्रे, गुरं, कचरा यासाठी.

थोडा गुंता मात्र आहे. आपल्याकडे दोन जाती जास्त दिसतात, काळ्या तोंडाचं लांब शेपटीचं वानर, आणि डोक्यावर टोपीसारखे केस असलेलं लहान माकड. उत्तरेत दिल्ली, हिमाचल, यूपीकडे असतं ते तिसरंच, ऱ्हीसस, आणि 2022 च्या दुरुस्तीत (लागू 1 एप्रिल 2023) त्या ऱ्हीससचं नाव कायद्याच्या यादीतून गेलं. म्हणून तिकडे आता वन विभाग म्हणतो आमचं नाही आणि महापालिका म्हणते आमचंही नाही. आपलं टोपीवालं माकड उलट पहिल्या अनुसूचीत गेलं, म्हणजे वाघाच्या रांगेत. तिकडच्या बातम्या वाचून इथल्या अधिकाऱ्याशी भांडायला जाऊ नका, कायदा एक असला तरी प्राणी वेगळा आहे.

3. आमच्या गल्लीतली कुत्री उचलून लांब कुठेतरी नेऊन सोडा, एवढंच मागतोय. का नाही करत?

कारण नियमात तसं करता येत नाही. नसबंदी आणि लस झाली की कुत्रा जिथून उचलला तिथेच परत सोडायचा असतो. यामागे भावना कमी आणि हिशेब जास्त आहे. कुत्री आपापला इलाका धरून असतात, तिथल्या टोळीला उचललं की रिकाम्या जागेत बाजूची, नसबंदी न झालेली, लस न घेतलेली कुत्री येतात आणि वर्षभरात पिल्लं. एखाद्या भागातल्या साधारण 70 टक्के कुत्र्यांची नसबंदी थोड्या काळात झाली तर संख्या खाली येते, त्यापेक्षा कमी झाली तर पैसे वाया जातात. कुत्री वर्षातून दोनदा विते, म्हणजे एका गल्लीत आठ कुत्र्यांची नसबंदी झाली आणि आठ तशीच राहिली तर सहा महिन्यांत होतं तिथेच. खरी तक्रार ही हवी की "आमच्या वॉर्डात 70 टक्के का झाली नाही". "उचलून न्या" लिहिलं की फाईल तिथेच बंद होते, कारण अधिकाऱ्याला "नियमानुसार शक्य नाही" असं लिहायला सोपं जातं. कानाला खाच दिसली की त्या कुत्र्याची नसबंदी झालीय असं समजायचं.

आणि ही भांडणं नवी नाहीत. 1832 मध्ये ब्रिटिशांनी मुंबईत भटकी कुत्री मारायचा सपाटा लावला तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली, ती मुंबईच्या पहिल्या दंगलींपैकी धरतात.

4. पण सुप्रीम कोर्टाने सगळी कुत्री शेल्टरमध्ये टाकायला सांगितलंय ना?

हा व्हॉट्सअॅपवरचा अर्धवट मेसेज आहे. 11 ऑगस्ट 2025 ला दोन न्यायाधीशांच्या पीठाने दिल्ली आणि आसपासची कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा, परत सोडू नका असं म्हटलं होतं. 22 ऑगस्ट 2025 ला तीन न्यायाधीशांच्या पीठाने ते बदललं: नसबंदी, लस, जंतनाशक देऊन तिथेच परत सोडा, फक्त रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री सोडू नका, आणि रस्त्यात कुठेही खाऊ घालू नका, वॉर्डात ठरवलेल्या जागीच घाला. केस सगळ्या राज्यांना लागू केली.

मग 7 नोव्हेंबर 2025 ला आणखी एक आदेश आला आणि तो वेगळा आहे: शाळा-कॉलेज, हॉस्पिटल, खेळाची संकुलं, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री उचलायची आणि तिथे परत सोडायची नाहीत, कुंपण घालायचं. त्यामुळे प्रश्न 3 चं उत्तर गल्लीला लागू आहे, शाळेच्या आवाराला नाही. या केसमध्ये आदेश बदलत गेलेत, म्हणून कुणी कागद दाखवला की आधी तारीख बघायची.

5. सोसायटी ठराव करून कुत्र्यांना खाऊ घालणं बंद करू शकते का?

पूर्ण बंद नाही. 2023 च्या नियमांतला 20 वा नियम सांगतो की आवारात कुत्री राहत असतील तर त्यांच्या खाण्याची व्यवस्था सोसायटीने करायची, जागा आणि वेळ ठरवायची. मुलं खेळतात ती जागा, जिने, बिल्डिंगचं प्रवेशद्वार यापासून लांब. म्हणजे खाऊ घालणाऱ्यांना "आमच्या दारात नको" म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे, आणि त्यांना "कुठेतरी जागा द्या" म्हणायचा. दोघांचं जुळत नसेल तर समिती बसते, तीत पशुवैद्यकीय अधिकारी, पोलीस, प्रशासनाचा माणूस, प्राणी संस्था आणि दोन्ही बाजू असतात. खाऊ घालणाऱ्या मुलीचं पाणी तोडणं, गेटवर अडवणं, फ्लॅटधारकाला दंड लावणं, हे सगळं मी बघितलेल्या सोसायट्यांमध्ये झालंय आणि प्रत्येक वेळी सेक्रेटरीलाच पोलीस स्टेशनच्या चकरा मारायला लागल्यात.

नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर 2022 मध्ये "खाऊ घालायचं तर दत्तक घ्या" अशा अर्थाचे आदेश दिले होते, ते अजून कुणी कुणी फॉरवर्ड करतं. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2022 मध्येच त्यातल्या सक्तीच्या भागाला स्थगिती दिली होती.

6. कुत्रा किंवा माकड चावलं तर पहिल्यांदा काय?

तक्रार नंतर. आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, हळद, मिरची, चुना, तेल काही लावायचं नाही, आणि सरकारी दवाखान्यात जायचं, तिथे रेबीजची लस फुकट असते. रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन लागतं, ते मागून घ्या. माकड चावलं तरी हेच. "माकडाला रेबीज होत नाही" असं गावात सांगतात, ते साफ चूक. बरं वाटलं म्हणून मधले डोस सोडायचे नाहीत, रेबीज एकदा झाला की उपचार नाही. गोव्याने कुत्र्यांना सरसकट लस टोचून दाखवलंय, 2021 मध्ये देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं, म्हणजे हे काम होत नाही असं म्हणायला जागा नाही.

7. कुत्रा चावल्याची भरपाई मिळते का?

पंजाब आणि हरियाणा हायकोर्टाने 2023 मध्ये दर ठरवला होता, दाताच्या प्रत्येक खुणेला किमान 10,000 आणि मांस निघालं असेल तर दर 0.2 सेंटीमीटर जखमेला किमान 20,000 रुपये. तो पंजाब, हरियाणा आणि चंडीगडपुरता. केरळात सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या न्या. सिरी जगन समितीपुढे दावे चालले. इथे तो तक्ता दाखवून महापालिकेकडून चेक मिळत नाही, कोर्टात जावं लागतं. तरी केसपेपर, लसीचं कार्ड, जखमेचे फोटो आणि आधी केलेल्या तक्रारींचे नंबर ठेवा, कारण "तुम्हाला आधीच सांगितलं होतं" हे दाखवता आलं तर दावा उभा राहतो. पाळीव कुत्रा चावला तर मालकावर भारतीय न्याय संहितेच्या 291 कलमाखाली तक्रार होते, ते वेगळं प्रकरण.

8. कुत्रा पिसाळलाय असं वाटतं. मारून टाकला तर?

अजिबात नको, आणि नुसतं कायद्यामुळे नाही. काठी घेऊन जवळ गेलात तर तुम्हीच चावून घ्याल. डॉग व्हॅन बोलवा. रेबीजचा संशय असलेला कुत्रा वेगळा ठेवतात, खरंच रेबीज असेल तर साधारण दहा दिवसांत तो आपोआप मरतो. बरा न होणारा आजार किंवा जीवघेणी जखम असेल तर पशुवैद्य इंजेक्शनने त्रास न होता मरण देऊ शकतो, तेही ठरलेल्या टीमने निर्णय घेऊन. विष घालणं, पोत्यात घालून नदीत टाकणं यावर न्याय संहितेच्या 325 कलमाखाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

9. माकडं पकडून जंगलात सोडली की प्रश्न मिटतो ना?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त निराशा करणारं उत्तरही याचंच. पकडून सोडणं कायद्याने होतं (परवानगी घेऊन, प्रश्न 10 बघा), पण मिटतं फार कमी वेळा.

दिल्लीचं उदाहरण घ्या. 2007 मध्ये हायकोर्टाने शहरातली माकडं असोला भट्टी अभयारण्यात हलवायला सांगितली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीचे उपमहापौर एस. एस. बाजवा माकडांना हुसकावताना घराच्या गच्चीवरून पडून गेले, त्यामुळे दबाव प्रचंड होता. हजारो माकडं नेली, अभयारण्यात खायला पुरेना म्हणून सरकारने फळं-भाज्या विकत घेऊन टाकल्या, आणि तरी माकडं भिंत ओलांडून आजूबाजूच्या वस्त्यांत गेली. शहरात माकडं आहेतच. मध्ये माकडांना घाबरवायला लंगूर (काळ्या तोंडाचं वानर) घेऊन फिरणारी माणसं ठेवली, ते वन्यजीव कायद्यात बसत नाही म्हणून बंद झालं, मग लंगुराचा आवाज काढणारी माणसं पगारावर ठेवली, 2023 च्या जी-20 ला लंगुराचे कटआऊट लावले.

असं का होतं? माकड शहरात जंगल संपलं एवढ्यानेच येत नाही, शहरात खाणं सोपं आहे म्हणून येतं. उघडी कचराकुंडी, देवळाबाहेरचे शेंगदाणे-फुटाणे, घाटात गाडी थांबवून वेफर्स टाकणारे. तुम्ही टोळी उचलली आणि कुंडी तशीच ठेवली तर बाजूची टोळी येते. वर टोळी अर्धीच पकडली गेली तर उरलेली फुटते, सैरभैर होते, जास्त अंगावर येते. आणि जिथे सोडता तिथे आधीच दुसरी टोळी असते, मग हरलेली माकडं जवळच्या गावात उतरतात. आपल्याकडे शहराची माकडं घाटात सोडतात आणि घाटाखालच्या वाडीतला माणूस तक्रार करतो, ती तक्रार मग पुन्हा आमच्याकडेच येते.

म्हणून माझं मत: एखादं चावरं, माणसाळलेलं माकड हलवणं ठीक, अख्खी टोळी हलवायची मागणी करण्याआधी कचऱ्याची तक्रार महापालिकेकडे टाका. म्हणजे माकडांच्या प्रश्नातही महापालिकेला काम आहे, फक्त ते पिंजऱ्याचं नाही.

10. गावात वर्गणी काढून माकड पकडणारा बोलावलाय. ग्रामपंचायतीचा ठराव आहे. चालेल ना?

नाही. ठरावाने वन्यप्राणी पकडता येत नाही. वन्यजीव कायद्यात "शिकार" या शब्दात पकडणं आणि सापळा लावणंही येतं, त्यामुळे गुन्हा थेट शिकारीचा. परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी देतो. पकडणारी माणसं बहुतेक वेळा वन विभागही तीच बोलावतो, हे खरंय, पण त्यांच्या हातात वन विभागाचं पत्र असतं. ते पत्र नसेल तर केस पकडणाऱ्यावर आणि बोलावणाऱ्यावर, म्हणजे सरपंचांवर पण. तुम्ही ठराव करा, पण "माकडं पकडावीत" असा अर्ज म्हणून, आणि तो वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला देऊन पोच घ्या.

11. कुत्र्यांची नसबंदी होते तर माकडांची का नाही?

होते, हिमाचलमध्ये. तिथे 2006-07 पासून केंद्रं आहेत आणि दीड लाखांहून जास्त माकडांची नसबंदी झालीय. पण ते ऱ्हीसस, आणि इतकं करूनही सफरचंदवाल्यांची ओरड संपलेली नाही, कारण माकड वीस-पंचवीस वर्षं जगतं, आज नसबंदी केलेलं माकड पुढची पंधरा वर्षं तुमच्या बागेत जेवतंच. कुत्र्याचं आयुष्य रस्त्यावर कमी असतं म्हणून तिथे आकडा लवकर खाली येतो. कोकणात ही मागणी जोरात आहे आणि चुकीची नाही, फक्त दोन-तीन वर्षांत फरक दिसेल असं कुणी सांगत असेल तर निवडणूक जवळ आलीय असं समजा.

12. मग उपद्रवी घोषित करून मारायची परवानगी तरी द्या. हिमाचलने दिली होती.

2016 मध्ये केंद्राने शिमला शहराच्या हद्दीत ऱ्हीसस माकड उपद्रवी घोषित केलं, नंतर इतर तालुक्यांत वाढवलं. मारायला फारसं कुणी पुढे आलं नाही, लोक म्हणाले सरकारने मारावं. आपल्या टोपीवाल्या माकडाचं तर तेही शक्य नाही, पहिल्या अनुसूचीतला प्राणी उपद्रवी घोषित करता येत नाही. त्यासाठी आधी अनुसूची बदलावी लागेल, आणि केरळ सरकार केंद्राकडे तेच मागतंय.

आणि खरं सांगू, ज्या राज्यात मेलेल्या वानराची वाजतगाजत अंत्ययात्रा निघते, तेराव्याला गावजेवण होतं, तिथे बंदूक कोण उचलणार? धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात तर जमिनीच्या नोंदीत 32 एकर माकडांच्या नावावर आहे, 2022 मध्ये त्याची बातमी झाली होती.

13. नारळ, काजू, केळी माकडांनी संपवली. भरपाई कुठे?

वन विभागाकडे. पीक नुकसानीच्या भरपाईत माकड आणि वानर धरलेत. नुकसान झाल्यावर लगेच, शक्यतो तीन दिवसांच्या आत, जवळच्या वन कार्यालयात कळवा, मग पंचनामा होतो. सातबारा, बँकेचं पासबुक, फोटो जवळ ठेवा. अडचण अशी की माकड रोज थोडं थोडं नासतं, एका दिवसाचा पंचनामा केला तर नुकसान दिडकीचं दिसतं, आणि शहाळं कुरतडून खाली टाकलेलं मोजायचं कसं यावर वाद होतात. त्यामुळे पडलेली फळं झाडाखाली तशीच ठेवा, गोळा करून टाकू नका, पंचनाम्याला तोच पुरावा.

14. एकच वानर पिसाळल्यासारखं करतंय, रोज कुणाला तरी ओरबाडतंय. याला पण कचऱ्याचंच कारण सांगणार?

नाही, इथे तातडीने पकडायला लावा. टोळीतून हाकललेला एकटा नर किंवा कुणीतरी पाळून सोडलेलं माकड असं करतं. डिसेंबर 2021 मध्ये बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावात वानरं कुत्र्याची पिल्लं उचलून झाडावर नेत होती, देशभर "माकडांनी सूड घेतला" म्हणून बातम्या झाल्या, 250 पिल्लांचा आकडा फिरला जो कुणी मोजलेला नव्हता. शेवटी नागपूरहून वन विभागाची टीम आली, दोन वानरं पकडली. म्हणजे अख्ख्या गावाला धास्ती लावायला दोनच पुरली. अर्जात त्या जनावराचं वर्णन द्या: तुटकी शेपूट, डोळ्यावर जखम, येण्याची वेळ, झाड कुठलं. "माकडांचा उपद्रव" एवढंच लिहिलं की टीम येते, बघते, जाते.

15. मोकाट गुरं रस्त्यात बसतात. त्यांचं कोण बघणार?

पुन्हा स्थानिक संस्था. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत कोंडवाडे नगरपालिकेच्या कामात लिहिलेलेच आहेत, आणि गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा तर 1871 चा आहे. पकडून कोंडवाड्यात घालायचं, मालकाकडून दंड आणि चाऱ्याचा खर्च घ्यायचा. खूप गावांत कोंडवाड्याची जागा कागदावर आहे आणि प्रत्यक्षात तिथे गाळे झालेत. 2015 पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हातारं जनावर पोसणं परवडत नाही म्हणून सोडून देणारे वाढलेत, हे कुणी उघड बोलत नाही. राष्ट्रीय महामार्गावरची गुरं हटवायचं काम 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशात महामार्ग प्राधिकरणावर पण टाकलंय.

16. आमचा भाग कॅन्टोन्मेंटमध्ये येतो, महापालिका येत नाही.

मग कॅन्टोन्मेंट बोर्डाला लिहा, कुत्र्यांसाठी तीच तुमची स्थानिक संस्था. खडकी, देहू रोड, देवळाली, कामठी इथल्या लोकांचा हा नेहमीचा घोळ. माकडांसाठी मात्र हद्द कुणाचीही असो, वन विभागच.

17. मदारी माकड घेऊन फिरतो, शेजाऱ्याने एक पाळलंय. चालतं का?

दोन्ही नाही. माकडांचे खेळ करायला 1998 पासून केंद्राच्या अधिसूचनेने बंदी आहे आणि वन्यप्राणी पाळणं गुन्हाच. 1926 वर सांगा, नाव गुप्त ठेवायला सांगता येतं. जखमी किंवा मेलेलं माकड दिसलं तरी तोच नंबर, परस्पर पुरू नका.

18. तक्रार करून महिना झाला, काहीच हललं नाही. आता?

फोनवरची तक्रार मोजू नका. लेखी द्या, पोच घ्या किंवा आपले सरकार पोर्टलवर टाका. कुत्र्यांसाठी महापालिका आयुक्तांच्या नावाने, विषयात "एबीसी नियम 2023 नुसार कार्यवाहीबाबत" लिहा. माकडांसाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या नावाने, प्रत उपवनसंरक्षकांना. त्याच दिवशी कचऱ्याची वेगळी तक्रार महापालिकेच्या घनकचरा विभागाला, एका अर्जात दोन विषय घातलेत तर दोन्ही विभाग एकमेकांकडे ढकलतात.

महिन्याने आरटीआय टाका आणि प्रश्न छोटे ठेवा: या वॉर्डात मागच्या वर्षी किती कुत्री पकडली, किती नसबंदी झाली, किती परत सोडली, कोणत्या संस्थेला किती रक्कम दिली, संस्थेच्या मान्यतेची प्रत. पकडलेली आणि सोडलेली यांचा आकडा जुळत नसेल तर बाकीची कुठे गेली हे विचारायला पुढचा अर्ज करा. माकडांच्या बाबतीत पकडायची परवानगी कोणत्या तारखेला मिळाली आणि कुठे सोडली हे विचारा, "योग्य अधिवासात" असं मोघम उत्तर आलं तर जागेचं नाव मागून पहिलं अपील करा.